गोठलेला मग आणि खिडकीला अडकवलेला ट्रे: ड्राइव्ह-इनच्या रूट बिअरची चव नेमकी कशात होती?

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन, इंडियाना, ओहायो या पट्ट्यातल्या साठी उलटलेल्या माणसाजवळ रूट बिअरचा विषय काढा, एक वाक्य हमखास ऐकायला मिळेल: डब्यातल्या रूट बिअरला ती चव नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, जुन्या दिवसांची ओढ बोलतेय. ओढ आहेच, पण तक्रार खरी आहे. ड्राइव्ह-इनमध्ये, म्हणजे गाडीत बसल्या बसल्या खाणं-पिणं देणाऱ्या दुकानात, मिळणारी रूट बिअर आणि आज डब्यात मिळणारी रूट बिअर यांच्यात बुडबुडे, तापमान, साखर, फेस आणि मूळ अर्क या पाचही बाबतींत फरक आहे. यातल्या चार गोष्टी आजही परत आणता येतात. पाचवी आणता येत नाही, आणि तिचं कारण कायद्यात आहे.

आधी ओळख करून घेऊ. रूट बिअर हे मुळं, साली आणि मसाल्यांच्या अर्काचं गोड, तपकिरी, फेसाळ पेय. त्यात दारू नसते. अमेरिकेत नव्याने गेलेल्या मराठी माणसाने पहिला घोट घेतला की बहुतेक वेळा चेहरा वाकडा होतो, कारण वास थेट दुखऱ्या कमरेला लावायच्या बामचा येतो. हा भास नाही. विंटरग्रीन नावाच्या झुडपाच्या पानांत आणि तिकडच्या बर्च झाडाच्या सालीत मिथाइल सॅलिसिलेट असतं. तेच बाममध्ये घालतात आणि तेच रूट बिअरच्या वासात पुढे असतं. अमेरिकन मुलांना तो वास आधी पेयातून भेटतो, आपल्याला आधी औषधाच्या डबीतून. दोन-चार वेळा प्यायल्यावर त्यामागची व्हॅनिला, ज्येष्ठमध, बडीशेप, आलं, काकवी अशी एकेक चव सुटी होऊ लागते आणि मग पेय आवडायला लागतं.

गेलेली चव: सॅसाफ्रास

जुन्या रूट बिअरचा कणा होता सॅसाफ्रास. पूर्व अमेरिकेच्या जंगलांत वाढणारं हे झाड. एकाच फांदीवर साधी, हातमोज्यासारखी आणि तीन पाकळ्यांत विभागलेली अशी तीन आकारांची पानं दिसतात. त्याच्या मुळाच्या सालीचा काढा मूळचे आदिवासी आणि नंतर आलेले वसाहतवाले दोघेही पीत. फिलाडेल्फियाचे औषधविक्रेते चार्ल्स हायर्स यांनी या काढ्याला बाजारात आणलं आणि 1876 च्या फिलाडेल्फियातल्या मोठ्या प्रदर्शनात लोकांपुढे ठेवलं. सुरुवातीला ते कोरड्या मिश्रणाची पुडी विकत. घरी पाणी, साखर आणि यीस्ट घालायचं आणि पुडीतून पाच गॅलन, म्हणजे सुमारे 19 लिटर पेय तयार करायचं. त्या यीस्टमुळे बुडबुडे यायचे आणि अत्यल्प अल्कोहोलही. त्यावरून 1890 च्या दशकात दारूबंदीवाद्यांनी हायर्सच्या मालावर बहिष्कारही घातला होता.

सॅसाफ्रासच्या तेलाचा मोठा भाग म्हणजे सॅफ्रोल. उंदरांवरच्या प्रयोगांत ते यकृताचा कर्करोग घडवतं असं दिसलं, आणि 1960 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने खाद्यपदार्थांत सॅफ्रोल घालण्यावर बंदी आणली. (जायफळातही ते निसर्गतः सूक्ष्म प्रमाणात असतं, बंदी आहे ती वेगळं काढून घालण्यावर.) तेव्हापासून रूट बिअरमध्ये सॅफ्रोल काढून टाकलेला अर्क किंवा कृत्रिम स्वाद वापरतात. सॅफ्रोलच्या वासात एक गोडसर, लाकडी, किंचित बडीशेपेकडे झुकणारी खोली होती. ती गेल्यावर पोकळी भरायला विंटरग्रीन आणि व्हॅनिलाचं प्रमाण वाढवलं गेलं. म्हणून 1960 च्या आधी पिणाऱ्याला आजची रूट बिअर ‘बामसारखी’ किंवा ‘नुसती व्हॅनिला’ वाटली, तर त्यात काही चूक नाही. ही चव कायदेशीर मार्गाने परत येणार नाही, आणि येऊही नये.

फाउंटन म्हणजे नेमकं काय

बाटलीतलं किंवा डब्यातलं पेय कारखान्यात पूर्ण तयार होतं. फाउंटनमध्ये ते तुमच्यासमोर, नळाच्या तोंडाशी तयार होतं: एका नळीतून साखरेचा स्वादयुक्त पाक येतो, दुसरीतून कार्बन डायऑक्साइड विरघळवलेलं थंड पाणी. साधारण प्रमाण पाच भाग पाणी आणि एक भाग पाक. ड्राइव्ह-इनच्या मागच्या खोलीत स्टीलच्या पिंपात साखर आणि पाणी ढवळून त्यात कंपनीकडून आलेला घट्ट अर्क मिसळत. अर्क सगळीकडे एकच, पण साखर, पाणी आणि हात त्या-त्या ठिकाणचा. दोन गावांतल्या एकाच नावाच्या दुकानांत चव थोडी वेगळी लागायची ती यामुळे.

आता बुडबुडे. पेयात किती वायू विरघळलाय हे मोजायचं एकक म्हणजे ‘व्हॉल्यूम’: एक लिटर पेयात तीन लिटर वायू असेल तर तीन व्हॉल्यूम. कोलात साधारण 3.5 ते 4 असतात. फाउंटनच्या चांगल्या रूट बिअरला 2.5 ते 3 पुरतात. कमी वायूमुळे जिभेला टोचत नाही आणि मुळांचे मंद वास दबत नाहीत. त्यात कोलासारखं फॉस्फोरिक आम्ल सहसा नसतं, त्यामुळे ते कोलापेक्षा बरंच कमी आंबट असतं. कमी टोचणारं, कमी आंबट आणि दाट: लोक ज्याला ‘मलईदार’ म्हणतात ते हेच.

वायू किती विरघळणार हे तापमान आणि दाब ठरवतात. पेय 3 अंश सेल्सियसवर असेल तर तीन व्हॉल्यूमसाठी साधारण 16 पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) दाब लागतो. तेच 20 अंशांवर असेल तर 37 पीएसआयच्या आसपास. म्हणजे पेय जरा कोमट झालं की आतला वायू बाहेर पडायला धडपडतो, आणि तोटी उघडताच पेयाऐवजी फेसच फेस येतो. फाउंटनवरच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ इथे असतं. सकाळचा पहिला ग्लास फेसाळ येतो कारण नळीत रात्रभर राहिलेलं पेय गरम झालेलं असतं. तो ग्लास ओतून द्यायचा. दिवसभर फेस येत असेल तर बर्फाच्या पेटीखालची थंड प्लेट तपासायची: तिच्यावर बर्फ पूल करून बसला असेल आणि प्लेटला टेकतच नसेल, तर आतल्या नळ्या थंड होत नाहीत. उलट पेय मिळमिळीत आलं तर वायूचं सिलिंडर संपत आलेलं असतं किंवा सोडा तयार करणाऱ्या टाकीत दाब पडत नसतो. चव पातळ पण बुडबुडे ठीक असतील तर पाकाचं प्रमाण घसरलंय. दोन कप्प्यांच्या मापात पाक आणि पाणी वेगवेगळं घेऊन पाचास एक जुळवायचं.

आणखी एक गोष्ट तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. ज्या नळीतून एकदा रूट बिअर गेली, ती नळी कायमची रूट बिअरची. विंटरग्रीनचा वास प्लास्टिकात आणि रबरी वॉशरमध्ये इतका मुरतो की धुऊनही जात नाही, आणि त्या नळीतून पुढे लिंबू सोडा सोडला तर त्यालाही बामचा वास येतो. घरी पिंप बसवणाऱ्यांनी हे आधीच लक्षात ठेवावं.

फेस टिकतो तो सॅपोनिनमुळे. चिली देशातल्या क्विलाया झाडाच्या सालीचा किंवा युका वनस्पतीचा अर्क त्यासाठी घालतात. आपल्या रिठ्यात जे द्रव्य फेस करतं, त्याच कुळातलं हे द्रव्य. बुडबुड्याभोवती ते पातळ कातडी धरतं, म्हणून रूट बिअरचा फेस कोलासारखा क्षणात विरत नाही, मिशीला लागतो.

मग

आमच्या मते सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे तो जाड काचेचा मग. हिशेब करून पाहा. सुमारे 700 ग्रॅमचा मग उणे 18 अंशांवर गोठवला, तर शून्याच्या वर यायला त्याला सुमारे 11 किलोज्यूल उष्णता लागते. आत ओतलेली 350 मिलिलिटर रूट बिअर 4 अंशांवरून 1 अंशावर आणायला साडेचार किलोज्यूल पुरतात. म्हणजे मगात गरजेपेक्षा जास्त थंडावा शिल्लक असतो. तो काचेलगतच्या पेयाला गोठवतो. 11 टक्के साखरेचं पेय साधारण उणे 0.7 अंशाला गोठू लागतं, त्यामुळे मगाच्या आतल्या भिंतीवर बर्फाचा पातळ पापुद्रा धरतो आणि पिता पिता सुटून ओठांशी येतो. ज्यांनी तो एकदा अनुभवलाय त्यांना तो विसरता येत नाही.

याचा दुसरा फायदा असा की आत बर्फाचे खडे घालावे लागत नाहीत. कागदी कपात खडे टाकले की पेय दहा मिनिटांत पाणचट होतं. मगात शेवटचा घोटही पहिल्याइतकाच दाट असतो.

मग गोठवायच्या आधी धुऊन ओला ठेवायचा, म्हणजे बाहेरून पांढरं दव धरतं. आत मात्र पाणी साचू द्यायचं नाही. उपडा ठेवून निथळायचा. आत बर्फाचे टोकदार कण राहिले तर त्यांच्यावर वायू भराभर सुटतो आणि मग अर्धा फेसानेच भरतो. साबण किंवा तूप-तेलाचा अंश राहिला तर उलट होतं, फेस बसतो. आणि गरम पाण्यातून काढलेला मग थेट फ्रीझरमध्ये टाकला तर तडकतो. जाड काच बाहेरून आकसते, आतून नाही.

गाडीत बसल्या बसल्या

रॉय ॲलन यांनी जून 1919 मध्ये कॅलिफोर्नियातल्या लोडाय गावी, पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या मिरवणुकीच्या दिवशी, पाच सेंटला एक मग अशी रूट बिअर विकायला सुरुवात केली. अर्काची कृती त्यांनी एका औषधविक्रेत्याकडून विकत घेतली होती. पुढे फ्रँक राइट भागीदार झाले आणि 1922 मध्ये दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून ‘ए अँड डब्ल्यू’ हे नाव आलं. त्याच सुमारास, 1921 मध्ये, टेक्सासमधल्या डॅलस शहरात ‘पिग स्टँड’ उघडलं होतं. गाडीपाशी येऊन खाणं देणारं पहिलं उपाहारगृह म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. तिथली पोरं थांबत आलेल्या गाडीच्या पायरीवर उडी मारून ऑर्डर घेत. अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी होती, गाड्या स्वस्त झाल्या होत्या, आणि बिअरच्याच धर्तीचा जाड मग हातात देणारं बिनदारूचं दुकान सहकुटुंब जाण्याजोगं होतं. 1927 मध्ये वॉशिंग्टनमध्ये नऊ खुर्च्यांचं ए अँड डब्ल्यूचं दुकान काढणारे जे. विलार्ड मॅरियट पुढे हॉटेलांच्या साखळीचे मालक झाले. 1960 च्या सुमारास एकट्या ए अँड डब्ल्यूची 2000 च्या आसपास ठिकाणं होती.

काम कसं चालायचं ते पाहण्यासारखं आहे. गाडी छपराखाली लावायची आणि दिवे लावायचे. दिवे लागले म्हणजे ‘या, ऑर्डर घ्या’. कारहॉप, म्हणजे गाडीपर्यंत सेवा देणारी मुलगी किंवा मुलगा, येऊन ऑर्डर लिहून घेणार. पुढे अनेक ठिकाणी प्रत्येक जागेपाशी बोलायचा स्पीकर आला आणि एक फेरी वाचली. खाणं आणताना कारहॉप काच थोडी वर ठेवायला सांगायची, कारण ॲल्युमिनियमच्या ट्रेचे रबर चढवलेले आकडे त्या काचेच्या कडेवर अडकत आणि खालचा तिरका पाय दाराला टेकत असे. काच पूर्ण खाली असली तर आकड्यांना धरायला काही नाही. फार वर असली तर ट्रे डोक्याच्या उंचीवर आणि हात बाहेर काढायला जागा नाही. भरलेला एक मग किलोभराचा, चार मग आणि बर्गर मिळून पाच किलोंच्या आसपास वजन. म्हणून ट्रे आधी लावायचा आणि मग दाराजवळच्या बाजूला जड मग, बाहेरच्या कडेला कागदात गुंडाळलेलं हलकं खाणं. उलटं केलं की ट्रे झुकणार आणि रूट बिअर ड्रायव्हरच्या मांडीवर. खाऊन झालं की पुन्हा दिवे. ट्रे काढून नेला की मगच निघायचं. हे विसरून गाडी सुरू करणारे गिऱ्हाईक हा रोजचा वैताग होता. रोलर स्केट सगळीकडे नव्हते. खडीच्या आवारात ते चालतही नाहीत. अनेक कारहॉपची कमाई मुख्यतः टिपेवर असे.

ही पद्धत मोडली ती लोकांना ती नकोशी झाली म्हणून नव्हे. हिशेब बसेना. एक गाडी तासभर जागा अडवणार, मग आणि ट्रे चोरीला जाणार, फुटणार, धुवायला माणूस लागणार, आणि संध्याकाळी तरुणांची टोळकी एका रूट बिअरवर रात्र काढणार. मॅकडोनाल्ड बंधूंचं सॅन बर्नार्डिनोतलं ठिकाणही आधी कारहॉपवालंच होतं. 1948 मध्ये त्यांनी ते काही महिने बंद ठेवलं, कारहॉप काढले, काचेची भांडी काढली, पदार्थ मोजके ठेवले आणि 15 सेंटचा बर्गर कागदात गुंडाळून खिडकीतून द्यायला सुरुवात केली. 1956 च्या कायद्यानंतर आंतरराज्य महामार्ग झाले आणि जुन्या रस्त्यांवरची वर्दळ तिकडे वळली. ज्या आवारात तीस गाड्या उभ्या राहत, त्या जागेची किंमत धंद्यापेक्षा जास्त झाली. थंड प्रदेशात तर दुकान वर्षातून सहा-सात महिनेच चालणार.

तरी सगळं गेलेलं नाही. विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला ‘आर्डी अँड एड्स’मध्ये स्केटवरून कारहॉप येतात, इंडियानापोलिसच्या मोटार शर्यतींच्या मैदानाजवळ ‘मग-एन-बन’ स्वतःची रूट बिअर बनवतं. कॅनडातली ए अँड डब्ल्यू 1972 पासून वेगळ्या मालकीची आहे, आणि तिथे आत बसून पिणाऱ्याला गोठवलेला काचेचा मग आजही मिळतो.

घरी करायची तर

फाउंटनची पद्धत घरी सोपी आहे. 700 ग्रॅम साखर 570 मिलिलिटर गाळलेल्या पाण्यात गरम करून विरघळवा. उकळत ठेवू नका, पाणी उडून पाक घट्ट होतो आणि प्रमाण बिघडतं. साधारण एक लिटर पाक होईल. गार झाल्यावर त्यात रूट बिअरचा खाद्य अर्क लेबलवर सांगितलेल्या प्रमाणात घाला. ‘सॅफ्रोलमुक्त’ असं लिहिलेलाच घ्या. पाणी क्लोरीनच्या वासाचं असेल तर पेय औषधी लागतं, म्हणून गाळणीतलंच पाणी. गोठवलेल्या मगात 50 मिलिलिटर पाक आणि 250 मिलिलिटर फ्रीजमधला कडक थंड साधा सोडा, कडेने ओतून, एकदाच हलकं ढवळून. सोडा 4 अंशांच्या वर असेल तर ओततानाच वायू जातो. पेय अंगाने हलकं वाटलं तर लिटरभर पेयामागे 10 ते 12 ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली, फारशी गोड नसलेली पूड) पाकात घालावं. फेसही जरा टिकतो.

अर्क मिळाला नाही म्हणून औषधाच्या दुकानातलं विंटरग्रीन तेल, म्हणजे आपल्याकडचं गंधपुरा तेल, पेयात कधीही घालू नका. त्याच्या एका छोट्या चमच्यात ॲस्पिरिनच्या वीसहून अधिक गोळ्यांएवढं सॅलिसिलेट असतं. लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं. भारतात मिळणाऱ्या वस्तूंतून जवळ जायचं असेल तर उपळसरीचं सरबत, ज्येष्ठमधाचा काढा आणि थोडी व्हॅनिला यांचा पाक करावा. उपळसरीच्या मुळाला स्वतःचा व्हॅनिलासारखा सुगंध असतो. तंतोतंत रूट बिअर होणार नाही, पण कुळ ओळखू येईल.

यीस्टने करणार असाल तर चार लिटर कोमट पाण्याला 400 ग्रॅम साखर, लेबलप्रमाणे अर्क आणि कोरड्या यीस्टचा छोट्या चमच्याचा आठवा भाग. बाटल्या प्लास्टिकच्याच, वर चार सेंटिमीटर जागा सोडून. 22 ते 25 अंशांत दोन-तीन दिवस लागतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात एका दिवसातही बाटली दगडासारखी कडक होते, म्हणून दर काही तासांनी दाबून पाहा आणि कडक होताच फ्रीजमध्ये टाका. बाहेर विसरली तर यीस्ट थांबत नाही. काचेची असेल तर फुटते, आणि तुकडे खोलीभर उडतात. या पद्धतीत थोडं अल्कोहोल होतंच, हे मुलांना देण्याआधी ध्यानात असू द्या.

आणि फ्लोट, म्हणजे रूट बिअरवर व्हॅनिला आइस्क्रीम. आइस्क्रीमच्या आतली हवा आणि बर्फाचे कण वायूला सुटायला हजारो जागा देतात, दुधातली प्रथिनं तो फेस धरून ठेवतात, म्हणून घाई केली की सगळं टेबलावर. आधी मगात तिसरा भाग रूट बिअर घ्या, फेस बसू द्या, मग फ्रीझरमधून नुकतेच काढलेले दोन कडक गोळे अलगद सोडा आणि उरलेली रूट बिअर गोळ्यांवर न ओतता कडेने, थांबत थांबत भरा. मऊ पडलेलं आइस्क्रीम लगेच विरघळून पेय गढूळ करतं. कडक गोळ्याभोवती मात्र दाणेदार, गोठलेला, मलईचा थर जमतो; तो लांब दांड्याच्या चमच्याने आधी खायचा आणि मग खालचं प्यायचं.